आंब्याखालचं बोहलं : औसा तालुक्यातल्या एका लग्नाचं प्रकरण

आमचं लातूरला बिछायत केंद्र आहे. वडील सतरंज्या, कनाती आणि पंगतीची भांडी भाड्याने द्यायचे. माझ्या काळात पाटीवर ‘डेकोरेशन’ हा शब्द आला. मे २०१८ मधल्या एका लग्नाची वही मी अजून जपून ठेवली आहे. लग्न फार मोठं होतं असं नाही, त्याहून मोठी केलीत. पण जागा एकाला विचारून, मुहूर्त दुसऱ्याला विचारून आणि सजावट मोबाईलला विचारून ठरवली की ऐन मांडवात ह्या तिघांचं आपसात कसं बिनसतं, ते मला ह्या कामात पहिल्यांदा नीट दिसलं.

तिथी आणि दोन मुहूर्त

गाव औसा तालुक्यातलं. मुलगी पुण्याला नोकरीत, मुलगा निलंग्याकडचा, पाहुणे नऊशे धरलेले. त्या वर्षी १६ मे ते १३ जून अधिक ज्येष्ठ होता. अधिकात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे मे महिन्याच्या सगळ्या तिथी पहिल्या पंधरवड्यात कोंबल्या गेल्या होत्या. मुलीचे वडील, ज्यांना गाव अण्णा म्हणतं, पाडवा झाल्यावर माझ्याकडे आले तोवर लातुरातली कार्यालयं आणि लॉन्स भरून गेली होती. गुरुजींनी मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एकाच तिथीचे दोन मुहूर्त काढून दिले होते : दुपारी १२ वाजून २६ मिनिटं, नाहीतर संध्याकाळचा गोरज, ६ वाजून ४८ मिनिटं.

अण्णा म्हणाले, “मालक, जागा तुम्ही बघा, मुहूर्त आम्ही बघतो.” मी म्हटलं, “अण्णा, दोन्ही एकदमच बघावं लागतंय.” त्यांना ते पटलं नाही, पण लॉन बघायला आले.

तीन जागा

रिंगरोडच्या पलीकडे एक लॉन शिल्लक होतं, तेही फक्त संध्याकाळसाठी. हिरवळ चांगली होती, झाड एकही नाही. मुलगी सुट्टीवर आलेली होती, म्हणून मुद्दाम साडेसहाला गेलो. पक्कं स्टेज लॉनच्या पश्चिम टोकाला. मी तिला स्टेजवर उभं केलं, पाहुणे बसतात तिथे जाऊन तिच्याच मोबाईलवर फोटो काढला आणि दाखवला. मागे पिवळाधमक उजेड आणि मधोमध कोळशाची असावी तशी एक आकृती. मेमध्ये आपल्याकडे सूर्य सहा पन्नासच्या सुमाराला बुडतो, म्हणजे गोरज मुहूर्ताला तो बरोबर बोहल्याच्या पाठीमागे. नऊशे लोक डोळ्यावर हात धरून अक्षता टाकणार. शिवाय वळवाची वेळ तीच. दुपारभर तापलेलं असतं, चार-पाचला पश्चिमेकडून काळं भरून येतं आणि मोकळ्या रानात पहिला झटका कमानीलाच बसतो. रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा गोरज लांबला की वरातीची घाई आलीच. लॉन तिथेच सोडलं.

दुसरी जागा वाडा. मुलीचं मन त्यातच होतं आणि खोटं का बोला, माझंही. पंजोबांनी बांधलेला दगडी वाडा, मोठा दिंडी दरवाजा, दोन्ही बाजूंना बसाय-उठायची ढाळज, आत चौक, चारही अंगांना सागवानी खांबांवर पेललेलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. खांबांच्या तळखड्यावर कोरलेलं कमळ. अशा जागेला सजावट लागतच नाही. चार समया आणि एक रांगोळी पुरे. मी चौक पावलांनी मोजला, तीस बाय बत्तीस फूट. दीडशे माणसं दाटीवाटीने. उरलेली साडेसातशे कुठे? मुलगी म्हणाली, “माळवदावर. वरून बघतील, किती भारी दिसेल!”

आजी ढाळजेत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. “लेकरा, काय बोलूलालीस तू?” एवढंच म्हणाल्या. मग मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीतली एक चीर दाखवली, वरून खाली, बोट जाईल एवढी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची, पहाटे तीन छप्पन्नची. किल्लारी इथून लांब नाही. माती-दगडाच्या भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचं माळवद, त्याखाली काय झालं ते ह्या भागातल्या कोणाला सांगावं लागत नाही. वाडा उभा राहिला, पण त्यानंतर आजींनी माळवदावर वाळवणालासुद्धा दोन बायकांपेक्षा जास्त चढू दिल्या नाहीत.

मग असं ठरवलं की हळद वाड्यात. साठ घरची माणसं, सकाळी आठला, चौकात ऊन उतरायच्या आत. देवक, रुखवत, पाहुण्यांचं चहापाणी ढाळजेत. मुलीला तिचा वाडा मिळाला, आजींचं माळवद रिकामं राहिलं.

तिसरी जागा अण्णांच्या शेतातली आमराई. नऊ झाडं, सगळी गावरान, आज्याच्या काळातली. केशरची कलमं अंगाने ठेंगणी, त्यांच्याखाली लग्न लागत नाही. गावरान आंब्याखाली हत्ती उभा राहील. झाडांना नावं होती : खोबऱ्या, शेंदऱ्या आणि सगळ्यात मोठा शेप्या. मुहूर्त मग दुपारचाच ठरला. मेच्या उन्हात दुपारी बारा सव्वीसला लग्न म्हटल्यावर पुण्याच्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला असणार, पण मोठ्या झाडाची सावली त्याच वेळी सगळ्यात गच्च असते.

झाडावर काय आहे ते आधी बघावं

खालून सजावट दिसते, वरून संकट येतं. आम्ही दुर्बीण नेली होती आणि तिसऱ्या झाडावर, खूप उंच, आग्या मोहोळ सापडलं. लग्नात होमाचा धूर असतो, बँड असतो, आणि एखादा मामा हौसेने फटाक्यांची माळ आणतोच. ह्यातलं एकही आग्या माशीला चालत नाही. मध काढणाऱ्याला आठ दिवस आधी रात्री बोलावून मोहोळ हलवलं, आणि अण्णांकडून शब्द घेतला की बँड बांधाच्या अलीकडे येणार नाही, फटाके अजिबात नाहीत. ह्यावर मुलीचे मामा माझ्याशी लग्न होईपर्यंत बोलले नाहीत.

आमराईखालची जमीन नांगरलेली नव्हती, घट्ट होती. पंगतीची जागा मात्र काळ्या रानात. मेमध्ये काळ्या मातीला ज्या भेगा पडतात त्यात खुर्चीचा पाय जातो आणि वर बसलेला माणूसही. मी मुरूम टाकतो म्हटलं तर अण्णा उसळले, “मुरूम टाकून माझं रान नासवता काय!” बरोबरच होतं त्यांचं. मग ट्रॅक्टरने वरवर रोटर मारून भेगा बुजवल्या, पाणी शिंपडून रोलर फिरवला. पाणी किती, हाही विचार करावा लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. दोन वर्षांनी त्याच जिल्ह्यात धूळ बसवायला टँकरवर टँकर रिकामे करताना लोक बघत असतात, आणि आपल्यालाही ते बघवत नाही. एका टँकरमध्ये भागवलं.

पार्किंग, जनरेटर, बायकांच्या सोयीसाठी तात्पुरती शौचालयं, ही कामं रीतसर झाली; त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बांबूची सावली

शेप्याला एक खोट होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिच्यात त्याची मधली एक जाड फांदी मोडली होती. तिथे पंचवीस फुटांवर बाजेएवढं आभाळ उघडं पडलं होतं. त्या भगदाडातून उन्हाचा एक लख्ख तुकडा खाली पडे आणि दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाई.

बोहलं त्या तुकड्यात येता कामा नये. दुसरीकडे सरकवावं तर एका बाजूला मुळ्या फुगलेल्या, दुसऱ्या बाजूला शेताचा उतार. म्हणून मी लग्नाच्या आठवडाभर आधी दहा फुटांचा बांबू रोवून सावली मोजत बसलो. लातूरला मेमध्ये सूर्य ऐन माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास. दुसऱ्या आठवड्यात तर तो इतका सरळ डोक्यावर असतो की बांबूला सावलीच राहत नाही, बुडाशी गोळा होऊन बसते. तिथून दीड तासाने, म्हणजे दोनच्या अलीकडे, तीच सावली चार फूट पूर्वेला जाते; अडीचला सहा. दहा फुटांच्या बांबूचा हा हिशोब, तर पंचवीस फुटांवरच्या भगदाडातला उन्हाचा तुकडा तेवढ्या वेळात दहा ते पंधरा फूट सरकणार.

पत्रिकेत मुहूर्त १२:२६. पण आपल्याकडे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जाणार, परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक निघणार, बँडपुढे पोरं नाचणार, कुणीतरी रुसणार. बारा सव्वीसचं लग्न दोनच्या आत लागलेलं मी त्या भागात क्वचित बघितलंय. तेव्हा मी बोहलं खुशाल भगदाडाच्या बरोबर खाली आखलं. दोन वाजेपर्यंत ऊन तिथून दहा फूट पुढे गेलेलं असणार. चुन्याने खुणा केल्या आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

कापड

मुलीच्या मोबाईलमध्ये चाळीसेक फोटो होते, बहुतेकांत फिकट गुलाबी कापड, गोल कमान आणि थर्माकोलची मोठाली अक्षरं. थर्माकोलचा विषय सरकारनेच मिटवला होता; २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली होती. माझ्या गोदामात राजवाड्याचे दोन खोल्या भरून थर्माकोलचे खांब पडून होते, ती वेगळी रड.

गुलाबी कापडाचं मात्र समजावून सांगावं लागलं. मी तिला आमराईत नेऊन गुलाबी थान तिच्या डोक्यावर चौघांकडून ताणून धरलं आणि हातात आरसा दिला. चेहरा ताप आल्यासारखा लाल. निळं धरलं, ओठ जांभळे. काहीच नाही धरलं तर पानांतून आलेले उन्हाचे कवडसे, अर्ध्या कपाळावर एक आणि नाकावर एक. मग पांढरा मांजरपाट धरला. कवडसे विरले, उजेड एकसारखा पसरला, हळदीचा रंग हळदीचाच दिसला. मुलगी गप्प झाली, म्हणजे पटलं.

आत्या गप्प झाल्या नाहीत. “लग्नात डोक्यावर पांढरं कापड? कुणी सांगितलं हे?” मी म्हटलं, “आत्याबाई, अंतरपाट कोणत्या रंगाचा असतो?” हे बोलायला नको होतं, आमच्या धंद्यात वाद जिंकून उपयोग नसतो. शेवटी छत पांढरं आणि त्याला चहूबाजूंनी हळदीत बुडवलेल्या कापडाची हातभर झालर, असं ठरलं. हळद आत्यांनी स्वतः कालवली. तेव्हापासून ते छत त्यांचं झालं. आल्या-गेल्याला दाखवत होत्या.

खाली गालिचा घातला नाही. लाल सिंथेटिक गालिचा उन्हात तव्यासारखा तापतो आणि विधीला तर अनवाणी बसायचं असतं. दोन फुटी मातीचा ओटा घातला, शेणाने सारवला, कडेने चुन्याची बोटं ओढली. पूर्वेकडे तोंड, कारण होमाला तसंच बसतात. कूलर पाहुण्यांकडे वळवले. बोहल्याकडे एकही नाही, नाहीतर होमातली राख थेट शालूवर.

फुलं

मे महिन्यात शेवंती मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. जरबेरा शेडनेटमधून येतो, पण बेचाळीस अंशांत तासाभरात मान टाकतो. बहावा तेव्हा रस्त्याकडेला इतका फुललेला असतो की मुलीने तोच हवा म्हणून हट्ट धरला. एक फांदी तोडून तिच्या हातात दिली. वाड्यापर्यंत पोचेस्तोवर निम्म्या पाकळ्या गाडीत. उन्हाळ्याचं आपलं फूल मोगरा. दुसरा निशिगंध. बोहल्याच्या चार खांबांना केळीचे खुंट, वर आंब्याचे डहाळे, त्यांतून सोडलेले मोगऱ्याचे सर. झेंडू फक्त दिंडी दरवाजाला, कारण उन्हाळी झेंडू लहान येतो आणि महाग पडतो.

ज्वारीची कणसं ही माझी कल्पना. सुगीनंतर अण्णांनी बियाण्याला राखून ठेवलेली टपोरी कणसं होती, ती मागून घेतली आणि त्यांचं तोरण केलं. मोत्याच्या माळांसारखं दिसत होतं. चिमण्यांनाही तसंच वाटलं. दोन दिवसांत खालच्या अंगाची कणसं रिकामी झाली, अण्णा हसले आणि बियाणं गेलं म्हणून बायकोची बोलणी त्यांनीच खाल्ली. कडब्याच्या पेंढ्याही मी बोहल्यामागे उभ्या केल्या होत्या, गावाकडचा देखावा म्हणून. आचाऱ्याने बघितल्या. “होम इथं आणि कडबा तिथं? अक्कल कुठं ठेवली?” त्याच संध्याकाळी पेंढ्या परत गंजीवर.

आदला दिवस

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सव्वापाचला वळीव आला. पंधरा मिनिटं, जास्त नाही. रस्त्यावरची फ्लेक्सची कमान ऊसात जाऊन पडली. आमराईत वारा झाडांनी खाल्ला, पण छतात कैऱ्यांचा सडा पडला. पाणी आणि कैऱ्यांच्या वजनाने मांजरपाट मधोमध पोत्यासारखा लोंबला आणि फाटला. मी छत दुहेरी केलेलं होतं. दोन्ही थर गेले. गोदामात सुटं थान एकच निघालं. आत्यांची झालर काढून त्या एकेरी छताला रात्री अकराला पुन्हा टाचली. फुलं, नशिबाने, अजून चढवली नव्हती. मोगरा आम्ही पहाटे चारनंतरच चढवतो, तोवर ओल्या गोणपाटात.

दिवस

हळद झाली. चौकात ऊन उतरलं ते पावणेदहाला, तोवर बायका आवरायला गेल्या होत्या.

मी गृहीत धरलेली एक गोष्ट मी कुणालाच विचारली नव्हती. नवरदेवाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते. परण्या अकराला निघाला, अकरा पन्नासला बांधावर आला. बँडवाल्यांना त्यांनी स्वतः घड्याळ दाखवलं. बारा वीसला वधू-वर बोहल्यावर, मध्ये अंतरपाट, दोघांमागे मामा, आणि बरोबर दोघांच्या डोक्यावर, भगदाडातून, त्या दिवसाचं सगळं ऊन. एकेरी कापडातून ते पाझरत नव्हतं, ओतत होतं. मुलीच्या मुंडावळ्यांचे मोती चमकत होते आणि गुरुजींच्या पाठीवरून घामाची धार लागली होती. मांडवातल्या नऊशे जणांत उन्हात असलेले सहाच लोक होते, आणि लग्न त्यांचंच चाललं होतं.

मंगलाष्टका सुरू होत्या. मुलीच्या चुलतभावाने माझ्याकडे बघितलं, वर बघितलं आणि वाड्यातून बायकांना बसायला आणलेली एक चादर कंबरेला गुंडाळून शेप्यावर चढला. दुसऱ्या कडव्याला ती भगदाडाखाली दोन फांद्यांना बांधली गेली. मोठमोठे पोपट छापलेली सोलापुरी चादर. खालून, पांढऱ्या छतातून, पोपट अंधूक दिसत राहिले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ते आहेत.

बारा सव्वीसला अक्षता पडल्या. लोक पंगतीकडे पळाले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या वेळेचा हिशोब करत होतो, आणि लोकही तोच करतात. मंगलाष्टका पाच-सहा मिनिटांच्या. त्यानंतर कन्यादान, होम, सप्तपदी, सूनमुख; वधू-वर त्याच ओट्यावर अडीचपर्यंत बसून होते, धुरात, भारी कपड्यांत, उपाशी. सगळे जेवत असताना. सावली त्यांना लागते ती ह्या दोन तासांत. पाऊण वाजता ऊन ओट्याच्या कडेला आलं, सव्वाला उतरून गेलं, दोनला ते पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत व्याह्यांच्या सोफ्यावर होतं. मुख्याध्यापक तोवर जेवून येऊन तिथेच बसले होते. दोनदा सरकले, तिसऱ्यांदा उठून खोबऱ्याखाली आजींजवळ जाऊन बसले.

आता मी बोहलं आखताना मुहूर्तापासून पुढचे अडीच तास धरतो, आणि नवऱ्याकडचे वेळेवर येणारे आहेत का हे त्यांच्याच नात्यातल्या तिऱ्हाइताला विचारतो. पत्रिकेवरचं वाचून किंवा स्वतःच्या अंदाजाने नाही.

हिशोब

बिलात एक ओळ वाढली. आमराईचा बहार अण्णांनी चैत्रातच एका बागवानाला विकला होता, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा तो दोरखंड सोडणाऱ्या माझ्या पोरांना झाडाखाली अडवून उभा होता. छत फाटताना ज्या कैऱ्या पडल्या त्या वळवाने पडल्या की माझ्या दोऱ्यांनी, ह्यावर तासभर गेला. आजी काठी टेकत आल्या. त्यांनी त्याला विचारलं, “पाऊस आमच्या मालकाने पाडला का रे?” मग मला विचारलं, “आणि तू फांदीला दोर बांधताना ह्याला विचारलंस का?” दोघेही गप्प. अर्धी भरपाई माझ्या बिलातून कापली, अर्धी बागवानाने सोडली. पडलेल्या कैऱ्या तीन पोती भरल्या. दोन त्याने नेल्या, एक आजींनी लोणच्याला ठेवून घेतली. पोपटांची चादर मात्र झाडावरून काढायला कुणालाच सुचलं नव्हतं. ती पुढच्या वळवापर्यंत शेप्यावरच होती.